एकटीचं खातं

सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि बँकेतल्या बाईंना सांगून टाकलं, "हिचं खातं उघडायचंय. एकटीचं. माझ्या मुलाचं नाव त्यात कुठेही नको."

सून उभीच राहिली. सासूबाईंचा गुडघा दाखवायला जायचं म्हणून तिनं दुपारचे सगळे पेशंट पुढे ढकलले होते. आणि ही काय भानगड?

"आई, अहो, आमचं खातं आहे की. दोघांचं."

"त्यातून शेवटचे पैसे तू कधी काढलेस?"

तिला आठवेना. इतकी वर्षं ती लोकांचे दात काढत, भरत, बसवत आली होती. दवाखाना तिच्या नावावर होता. पण संध्याकाळी जमलेली फी नवऱ्याच्या हाती दिली की ती मोकळी. 'व्यवहारात मी ढ आहे बाई,' असं ती मैत्रिणींना हसत हसत सांगायची, आणि सांगताना तिला जरा मिरवल्यासारखंही वाटायचं.

"बस खाली," सासूबाई म्हणाल्या. "परवा तो माझ्याकडे आला होता. राहतं घर तारण ठेवायचंय, सही कर म्हणाला. मी म्हटलं, घराला कशाला हात लावतोस, बायकोचा दवाखाना आहे ना? तर म्हणाला, तो केव्हाच ठेवलाय."

"ठेवलाय म्हणजे?"

"गहाण."

सून हसली. ते हसू कुठे न्यावं ते न कळून तसंच तिच्या चेहऱ्यावर राहिलं. बँकेतल्या बाईंनी नजर संगणकात खुपसली.

"पण मी कुठे सही केलीय?" ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला ती सकाळ आठवली. खुर्चीत पेशंट आ वासून पडलेला, आणि नवरा दारात. 'विम्याचे कागद आहेत गं, माणूस खाली खोळंबलाय.' तिनं उजव्या हाताचा मोजा तेवढा काढला होता, आणि तो पान उलटेल तिथे सही करत गेली होती. वर 'जेवलास का?' असंही विचारलं होतं.

आता ती खुर्चीत बसली.

"पैसे गेले कुठे?"

"मित्राच्या धंद्यात. धंदा बसला. मित्र आता फोन उचलत नाही."

सासूबाई दाखवतील तसं तिनं सगळं केलं. पर्समध्ये सकाळची फी होती, ती भरली. बँकेतल्या बाईंनी काहीतरी समजावून सांगितलं. तिला नुसते त्यांचे ओठ हलताना दिसले.

बाहेर पायऱ्यांवर येताच सासूबाईंनी कठडा धरला. आत एवढ्या खणखणीत बोलणारी बाई एकदम म्हातारी दिसायला लागली.

"मला राहवलं नाही, म्हणून सांगितलं तुला," त्या म्हणाल्या. "पण माझं एक ऐक. पोटचा आहे गं तो. पोलिसांत तेवढी जाऊ नकोस."

सुनेनं झटकन मान वळवली. पोलीस तोवर तिच्या मनातही आले नव्हते.

सासूबाईंनी तिचा चेहरा पाहिला, आणि आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं.

"चल," त्यांनी तिचा दंड धरला. "घरी चल आधी."

सून जागची हलली नाही.