हलकी ड्रायव्हर

सगळ्यांत कमी पेट्रोल पिणारी गाडी जिंकते अशा शर्यतीसाठी एक लिटर पेट्रोलमध्ये चारशे किलोमीटर जाणारी गाडी बनवायची, म्हणून कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आठ भावी इंजिनियरांनी वर्षभर अकलेचे तारे तोडले. तीन चाकांची, आडवं पडून चालवायची गाडी. बोल्टांना भोकं पाडून ग्रॅम ग्रॅम वजन उतरवलं, रंगसुद्धा खरवडून काढला. खरवडायला काही उरलं नाही, तेव्हा कॅप्टनची नजर ड्रायव्हरवर गेली.

ड्रायव्हर म्हणजे टीममधली सगळ्यांत बारीक पोरगी. इंजिन कधी बंद करायचं आणि गाडी किती वेळ नुसती पळू द्यायची, हे तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. ही शर्यत तिला जिवापाड हवी होती. म्हणून कॅप्टनने "अजून दोन किलो" म्हटलं की ती मुकाट्याने पोटाला चिमटा काढायची.

"अगं, गाडी पेट्रोल पीत नाही म्हणून तूही जेवायचं नाही का?" आई करवादायची.

"एवढी शर्यत होऊ दे गं."

शर्यतीच्या सकाळी तपासनिसाने तिला काट्यावर उभं केलं. शेहेचाळीस.

"ड्रायव्हर किमान पन्नास किलोचा लागतो," तो जांभई देत म्हणाला. "चार किलो वाळू बांधा गाडीत."

नियमांचं पुस्तक आठही जणांकडे होतं. शेवटच्या पानांवरचे विक्रम त्यांना तोंडपाठ होते. पहिली पानं उलटायची तसदी एकाही पठ्ठ्याने घेतली नव्हती. दोन महिने तिला उपाशी ठेवून उतरवलेलं वजन कॅप्टनने पिशवीत भरून तिच्या पायांशी बांधलं, आणि वर म्हणाला, "बरंच झालं, वळणावर गाडी स्थिर राहील." लाज कशाशी खातात हे त्याला ठाऊकच नव्हतं. तिला रडू फुटेल इतका संताप आला. तरी ती गाडीत आडवी झाली.

तिसऱ्या फेरीत तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तिने करकचून ब्रेक दाबला, गाडी कडेच्या गवतात थांबवली आणि कशीबशी बाहेर येऊन मटकन खाली बसली.

कॅप्टन धावत आला. तिला ओलांडून तो आधी पेट्रोलच्या नळीशी वाकला. "निम्मंसुद्धा संपलं नाही! ब्रेक कशाला दाबलास? जिंकत होतो आपण!"

तिने हेल्मेट काढून त्याच्या हातात कोंबलं. "अजून वेळ आहे. बस तूच."

कॅप्टनने गाडीच्या चिंचोळ्या तोंडाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे.