वळणावरची खिडकी

आमच्या मागच्या खोलीत एक शहर आहे. दोन जुनी दारं शेजारी शेजारी आडवी टाकून त्यांच्यावर ते वसवलंय. शहर कसलं, एकच चौक तो. पण तेवढा उभा करायला आमच्या ह्यांना तीन वर्षं लागली. हे पेशाने घड्याळजी. दुकान बंद केल्यावर माणूस आता जरा घरात लक्ष घालेल, अशी माझी भाबडी समजूत होती. घातलं, ते असं.

खाली रस्त्यावर पितळी तारेचे रूळ. त्यांवरून दोन ट्रामी फिरतात, एक हिरवी आणि एक पिवळी. दोघींच्या टपावर माझ्या केसांतल्या पिना वाकवून केलेले दांडे आहेत आणि ते वरच्या तारेला घासत जातात. ट्रामींच्याही डोक्यावर, वीतभर उंच लोखंडी खांबांवरून धावते ती वरची गाडी. खरी गाडी होती तेव्हाही शहरात तिला सगळे ‘वरची गाडी’च म्हणायचे. तीन डब्यांची, एकाच दिशेने शहराला गोल फेरी घालणारी, आणि वळणावर लोकांच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांना जवळजवळ खेटून जाणारी.

ही इवलीशी गाडी पहिल्यांदा चालली तेव्हा मी ह्यांना चार शब्द सुनावायलाच खोलीत गेले होते. माझी पिनांची डबी रिकामी झाली होती. पण हे म्हणाले, “खाली बस आणि रुळांच्या पातळीवरून बघ.” कुरकुरत गुडघ्यांवर बसले. डोळ्यांसमोर रस्ता लांबच लांब होत गेला, दोन्ही बाजूंना इमारती उभ्या राहिल्या, माथ्यावरून खडखड करत गाडी गेली आणि तिची सावली रस्त्यावरून सरकत माझ्या तोंडावर आली. पिनांचं मी पुढे कधी काढलं नाही.

हे सगळं एका माणसासाठी चाललं होतं. माझे सासरे त्या वरच्या गाडीचे मोटरमन होते आणि घर अगदी वळणावर, तिसऱ्या मजल्यावर. चौकातलं स्थानक सुटलं की लगेच घराची खिडकी यायची. दिवसातून आठ वेळा. सासूबाई ह्यांना कडेवर घेऊन खिडकीत उभ्या राहायच्या, मामंजी हात उचलायचे आणि गाडी पुढे जायची. गाडी थांबत नाही म्हणून हे भोकाड पसरायचे. वळणावर गाडी थांबवायची नाही, असा नियम होता आणि मामंजी नियमाचे पक्के. पुढे आमच्या घरात कोणी हट्टाला पेटलं की ‘वळणावर थांबणार नाही हा’ असंच आम्ही म्हणत आलो.

हे चार वर्षांचे असताना सासूबाई तापाने गेल्या. भरदुपारी. मामंजी कामावर होते. त्या दुपारी खिडकी बंद होती, ती त्यांनी पाहिली आणि गाडी फेरीच्या शेवटच्या स्थानकापर्यंत नेली. मगच ते घरी आले. हे मला ह्यांनी लग्नानंतर एकदाच सांगितलं आणि नंतर विषय काढू दिला नाही. बापलेकांत भांडण असं कधी झालंच नाही. धड बोलणंही झालं नाही. सासूबाई गेल्यावर दोन वर्षांनी वरची गाडी मोडीत निघाली, मागोमाग ती इमारत पाडली, आणि दोघांमध्ये बोलण्यासारखं जे काही होतं ते तिच्याबरोबर गेलं.

त्या घराचा एक फोटोसुद्धा कुणाकडे नव्हता. तो सापडला मला. मी छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायचे, एकतीस वर्षं. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं; ते सुलट्यासारखं वाचता आलं नाही तर त्या कामात दोन दिवस टिकाव लागत नाही. छापखाना बंद झाला तेव्हा खण रिकामे करताना एक मोठा फोटो हाती लागला. कुठल्याशा गच्चीवरून काढलेला चौक, ट्रामी आणि वर वळलेली गाडी. जुन्या गाड्यांचा म्हणून ह्यांच्यासाठी घरी आणला. हे डोळ्याला भिंग लावून खांब बघत बसले आणि म्हणाले, “पाट्यांवर काय लिहिलंय गं? मला नुसते मुंगीचे पाय दिसतात.” मी वाचून दाखवलं, “छत्र्या दुरुस्त करून मिळतील.” ह्यांचा चेहराच बदलला. छत्रीवाल्याचं दुकान त्यांच्या घराच्या खालीच होतं.

त्या दिवसापासून ह्यांना दुसरं काही सुचेना. फोटोतल्या खिडक्या मोजून मोजून इमारती उठल्या. अक्षरांचं खातं माझं. जपून ठेवलेले सर्वांत बारीक खिळे काढून मी तेवीस पाट्या जुळवल्या आणि पतंगाच्या कागदापेक्षाही पातळ अशा कागदावर छापल्या. एकच गोष्ट मला खटकली होती. फोटोत ट्रामची दारं रस्त्याच्या मधल्या बाजूला दिसत होती. “असं कसं हो?” मी विचारलं. “त्या काळी असेल तशी पद्धत,” घड्याळजी म्हणाले. मीही मान डोलावली. दोन शहाणी माणसं एकत्र आली की अशी कामं होतात.

मामंजी आता एकोणनव्वद वर्षांचे. राहतात परगावी, नणंदेकडे. डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि नणंदेने फोनवर सांगितलं, “दोन दिवस आणून सोडते. यापुढे त्यांना प्रवास झेपायचा नाही.” म्हणजे दाखवायचं तर आताच. ते येण्याच्या आदल्या आठवड्यात ह्यांना जेवण जाईना. त्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत ह्यांनी गव्हाच्या दाण्याएवढी एक बाई उभी केली होती, कडेवर तांदळाएवढं मूल. “ओळखतील ना गं?” दिवसातून दहा वेळा मला विचारायचे.

मामंजी खोलीत आले, टेबलाच्या कडेला हात टेकून उभे राहिले. मग एका खांबावर बोट ठेवलं. “वळणावरचे खांब आत झुकलेले. बरोब्बर. हे कुणाच्या लक्षात राहत नाही.” ह्यांचे कान लाल झाले. गाडी सुरू केली. मामंजींची नजर गाडीबरोबर फिरली, एकदा, दोनदा, आणि चेहऱ्यावरचं काहीतरी विझत गेलं.

“ट्राममधली माणसं रस्त्याच्या मधोमध उतरणार का रे? मरतील सगळी,” ते म्हणाले. मी हसले. मग त्यांनी विचारलं, “आणि हे खिडकीचं घर कुणाचं?”

“आपलं, बाबा.”

“आपलं नाही. स्थानक सुटलं की आपली खिडकी माझ्या डाव्या हाताला यायची. ही उजवीकडे आहे. दुसऱ्या कुणाचं तरी असेल.”

ह्यांनी घाईघाईने फोटो आणला. मामंजींनी भिंगातून बघितलं आणि मान हलवली. “पाट्या कुठल्या भाषेतल्या आहेत? एक अक्षर लागत नाही.”

“लागत नाही काय, स्पष्ट तर आहे!” मी पुढे सरसावले आणि पाटीवर बोट ठेवून वाचू लागले. छत्र्या. दुरुस्त. करून. तिथे माझं बोट थांबलं. ते उजवीकडून डावीकडे चाललं होतं.

चित्र छापायचा ठसा, म्हणजे ब्लॉक, करताना ते उलटं घ्यावं लागतं, त्यासाठी काढलेली ती प्रत होती. अख्खा चौक उलटा. डावं ते उजवं, उजवं ते डावं. जगात दुसऱ्या कुणीही ती पाटी बघितली असती तर पहिल्याच दिवशी म्हणाला असता, अहो, हे उलटं आहे. ह्यांनी नेमकं मला विचारलं, आणि मी धडाधड वाचून दाखवलं. एकतीस वर्षांची ती सवय. मला उलटंसुलटं कळेनासंच झालं होतं. धरणी दुभंगावी असं वाटलं.

“माझी चूक,” मी म्हणाले.

मामंजी ह्यांना म्हणाले, “मेहनत चांगली घेतलीस,” आणि पडायला निघून गेले. त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं. हे मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांनी पक्कड उचलली आणि खिडकीच्या घराशी नेली. मी त्यांचा हात धरला. “परवा मोडा. ते असेपर्यंत एका खिळ्यालाही हात लावायचा नाही.” पक्कड मी पदराखाली लपवली आणि दिवसभर तशीच वागवत हिंडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी नणंद त्यांना न्यायला येणार होती. सकाळी मी त्याच खोलीत कपाटाच्या आरशासमोर वेणी घालत होते. मन थाऱ्यावर नव्हतं. भांग पाडताना मान जरा वाकडी केली आणि आरशात, माझ्या खांद्यामागे, ते शहर दिसलं.

कंगवा केसांत तसाच राहिला. ट्रामची दारं पदपथाकडे होती. वरचे रूळ स्थानकातून निघून जिकडे वळायला हवेत तिकडे वळले होते. खिडकीतली बाई डाव्या हाताला होती. कुणी काही हलवलं नव्हतं. इतकी वर्षं मोडून पडलेला तो चौक, मामंजी रोज ज्यातून गेले तोच, माझ्या पाठीमागे सकाळच्या उन्हात जसाच्या तसा उभा होता. मला जोरात श्वास घेण्याचीही भीती वाटली.

उलट्या होत्या त्या फक्त माझ्या पाट्या. मी ह्यांना हाक मारली. ह्यांनी आरशात बघितलं आणि मटकन खुर्चीत बसले. “बसू नका,” मी म्हणाले, “चिमटा आणा.” कागद पातळ होता म्हणून वाचलो. पाणी लावून एकेक पाटी सोडवली आणि शाई आत जाईल अशी पालथी चिकटवली, म्हणजे अक्षरं कागदाआडून उलटी दिसतील आणि आरशात सुलटी. तेवीसच्या तेवीस. तोवर अकरा वाजले होते.

मामंजींची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. मी त्यांना हाताला धरून खोलीत आणलं. आरशासमोर, जरा एका अंगाला, स्टूल मांडलेलं होतं.

“शहराकडे पाठ करून बसा.”

“पाठ करून?”

“एकदा सुनेचं ऐका.”

ते बसले. समोर बघितलं. आधी नुसतेच बघत राहिले, मग पुढे झुकले, इतके की नाक आरशाला लागेल. ओठ हलू लागले. ते पाट्या वाचत होते. छत्रीवाला, शिंपी, दातांचा डॉक्टर, एकामागून एक, न अडखळता. पुढची पाटी नजर पोचण्याआधीच तोंडात येत होती.

“अरे देवा,” मामंजी म्हणाले. “सगळं आहे की इथे.”

ह्यांनी जुन्या रेडिओचं बटण लावलेली पट्टी त्यांच्या मांडीवर ठेवली. “गाडी तुम्ही चालवा, बाबा.” आणि स्वतः टेबलापाशी, त्या घराच्या मागे जाऊन उभे राहिले.

मामंजींचा उजवा हात बटणावर गेला. तो हात एरवी थरथरतो, चहा सांडतो. आता थरथर नव्हती. गाडी स्थानकातून इतक्या अलगद सुटली की ह्यांना कधी तशी सोडता आली नव्हती. वळण आलं, वेग उतरला, खिडकी आली आणि मामंजींचा डावा हात आपोआप वर उठला. मी तोंडाला पदर लावला. खोलीत म्हातारा नव्हताच. चालत्या गाडीचा मोटरमन बसला होता.

दुसऱ्या फेरीलाही हात उठला. आरशात खिडकीच्या वर, छपरांच्या मागे, ह्यांचा चेहरा दिसत होता. मामंजींनी त्या चेहऱ्याकडे बघितलं.

“त्या दिवशी खिडकी बंद होती,” ते म्हणाले.

“माहीत आहे, बाबा.”

“तेव्हाच कळलं मला. गाडी थांबवणं हातात होतं रे. पण डबे भरलेले, मागची गाडी चार मिनिटांवर. नाही थांबवली.” बटणावरचा हात स्थिर होता. “तुला वाटायचं तसा मी दगड नव्हतो. पुढचं काही दिसतही नव्हतं मला. आठ स्थानकं तशीच नेली.”

गाडी फेरी पुरी करून स्थानकात आली, सुटली, वळणाला लागली. मामंजींनी वेग कमी केला, अजून कमी केला, आणि बटण शून्यावर आणलं.

गाडी खिडकीसमोर थांबली. पहिल्या डब्याचं तोंड आणि ती दाण्याएवढी बाई समोरासमोर आली. खालून हिरवी ट्राम गेली, पिवळी गेली, पुन्हा हिरवी गेली. बाहेर नणंदेच्या गाडीचा हॉर्न वाजला. मामंजी जागचे हलले नाहीत.

आरशात मला ह्यांचा चेहरा दिसला. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, छपरांच्या वर उभा राहून हुंदके देत होता.

मामंजी आरशातूनच त्यांच्याकडे बघत होते.

“आता तर थांबली ना गाडी?” ते म्हणाले. “मग रडतोस कशाला?”