तिसऱ्या मजल्यावरचा परदेश

चादर घ्यायची असली तरी माझा नवरा दुकानात तीन खेपा घालतो, आणि चौथ्या खेपेला दुकानदारच सांगतो, साहेब, तुमची जुनीच चांगली असेल, तीच वापरा. अशा माणसाला परदेशातून नोकरीचं पत्र आलं.

तो लिफ्ट बसवतो आणि बिघडलेल्या दुरुस्त करतो. तिकडे म्हणे इमारती उंच आणि हे काम येणारी माणसं कमी. पगार, राहायला घर, लेकीला शाळा, सगळं पत्रात होतं. महिन्याभरात हो की नाही ते कळवायचं होतं. पत्र निम्मं वाचून झालं तेव्हाच मी मनानं तिकडे पोचले. मी दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस आहे. ज्यांना बोलता येत नाही अशा माणसांशी दिवसभर गप्पा मारते, आणि हे काम कुठल्याही देशात जमण्यासारखं आहे. नवरा मात्र तळ्यात-मळ्यात करत बसला. सकाळच्या चहाला जायचं ठरायचं आणि संध्याकाळच्या चहाला राहायचं.

अडचण एकच होती आणि ती आमच्या डोक्यावर बसली होती. असं म्हटलं की लोक मला वाईट सून समजतात, पण सासूबाई खरंच चौथ्या मजल्यावर राहतात आणि आम्ही तिसऱ्या. सासरे गेल्यापासून त्या एकट्या. आमच्या दाराची किल्ली त्यांच्याकडे असते. सकाळी बेल न वाजवता आत येतात, बेसिनमधली भांडी बघून एक सुस्कारा सोडतात, लेकीच्या वेण्या घालतात, दुपारी तिला शाळेतून आणतात, आणि मी घरी यायच्या आत माझे डबे त्यांना हवे तसे लावून जातात. माझ्या स्वयंपाकघरात मला साखर सापडत नाही.

"आई, तू एकटी राहशील का गं?" नवऱ्यानं विचारलं.

"न राहायला काय झालं? मी काय कुकुलं बाळ आहे?"

"तू नुसतं म्हणतेस."

"मग काय स्टँपपेपरवर लिहून देऊ?"

दोन दिवसांनी नवरा कामावरून आला तो चेहरा उजळून. म्हणाला, "नव्या लिफ्टमध्ये आपण आधी माणसं चढवतो का? नाही. आधी वजनं ठेवतो, खालीवर करून बघतो. मग माणसं."

"बरं मग?"

"मग आपण आधी इथेच परदेशात राहून बघायचं. तीन आठवडे."

मला वाटलं, गंमत करतोय. पण माझ्या नवऱ्याला गंमत करता येत नाही. ते त्याला जमत असतं तर आमचं बरंच बरं झालं असतं. त्यानं नियम सांगितले. आईनं खाली यायचं नाही, आपण वर जायचं नाही. किल्ली परत. बोलायचं ते फोनवर, रविवारी आणि बुधवारी. घरकामाला बाई नाही, लेकीला आणायला आजी नाही, सगळं आपलं आपण. जिन्यात भेट झाली तर ओळख दाखवायची नाही.

सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "निघणार कधी?"

शनिवारी निघालो. नवऱ्याच्या हट्टापायी आम्ही तिघं दोन बॅगा भरून खाली उतरलो. सासूबाई गॅलरीत उभ्या राहून हात हलवत होत्या. तळमजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "कुठे निघालात?"

"परदेशात," लेक म्हणाली. ती नऊ वर्षांची आहे आणि नियम म्हटला की बापाच्या वरताण.

"अरे वा. परत कधी?"

"दहा मिनिटांत," मी म्हटलं.

आम्ही इमारतीला वळसा घातला आणि मागच्या जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर येऊन कुलूप उघडलं. बॅग खाली ठेवून मी खिडकीतून वर पाहिलं, तर सासूबाईंचा हात अजून हलतच होता. रिकाम्या रस्त्याकडे बघून त्या डोळे पुसत होत्या. मला हसू आलं, आणि मग मी खिडकी लावून घेतली.

पहिले दोन-चार दिवस नाकीनऊ आले. शाळा सुटली की लेक दवाखान्यात येऊन बसायची आणि दाढ काढायला आलेल्या माणसांना सांगायची, "आम्ही परदेशात असतो, म्हणून आजी मला आणत नाही." त्यातला एक जण दाढ न काढताच उठून गेला. नवऱ्यानं कपडे धुतले तेव्हा माझा पांढरा डगला फिका गुलाबी झाला. तिकडे थंडी असते म्हणून तो पंखा मोठा करून, स्वेटर घालून जेवायला बसायचा. त्याला खरोखरची सर्दी झाली.

पहिल्या रविवारी फोन लागला. फोनमधून यायच्या आधीच सासूबाईंचा आवाज छतातून येत होता.

"तिकडे पाऊस आहे का रे?"

नवऱ्यानं खिडकीबाहेर वाकून पाहिलं. "आहे थोडा."

"इकडे पण आहे," त्या म्हणाल्या. "जपून राहा. परका मुलूख."

पुढच्या आठवड्यात त्या जिन्यात भेटल्या. हातात भाजीची जड पिशवी होती. सवयीनं मी हात पुढे केला, तशा त्या बाजूला झाल्या. "माफ करा हं, मी आपल्याला ओळखलं नाही." इतक्या गंभीरपणे म्हणाल्या की मीही "चुकलं, बाई" म्हणून खाली उतरले.

आणि खरं सांगायचं तर हळूहळू मला हा परदेश आवडायला लागला. साखर जिथे ठेवली तिथे सापडत होती. सकाळी दारात किल्ली फिरत नव्हती. भांडी बेसिनमध्ये पडून राहिली तरी सुस्कारा टाकणारं कोणी नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदाच मी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्यानं गाणं म्हटलं, आणि ते वर ऐकू जात असेल याचीही पर्वा केली नाही.

एका संध्याकाळी वर धप्पकन आवाज झाला. नवरा अर्धा उठला.

"बाबा," लेक म्हणाली, "परदेशात हे ऐकू येणार नाही."

तो पुन्हा खाली बसला. वर पावलं वाजली. वाजताहेत म्हणजे ठीक आहे, असं मी म्हटलं. फोनच्या दिवशी त्यानं विचारलं, "आई, परवा काही पडलं का गं?"

"अगबाई, तिथवर आवाज आला?" सासूबाई म्हणाल्या. "काही नाही रे, डबा पडला. मी मजेत."

त्यानंतर त्या जिन्यात दिसल्या नाहीत. मी काही चौकशी केली नाही. प्रत्येक फोनला त्या मजेत असायच्या, दोन वेळा ताजं करून जेवायच्या, आणि तीन मिनिटांत "बिल वाढेल" म्हणून फोन ठेवायच्या. शेवटच्या आठवड्यात नवऱ्यानं आपणहून पेन मागितलं. मी दारं-खिडक्या बंद करून घेतल्या, वाऱ्यानंसुद्धा त्याचं मन बदललं असतं. त्यानं पत्रावर सही केली. "आईला जमतंय," तो म्हणाला. "आपण उगाच काळजी करत होतो." पत्र गुरुवारी पाठवायचं ठरलं.

बुधवारी संध्याकाळी दवाखान्यात घड्याळवाले काका आले. ते सासूबाईंच्या समोरच्या दारात राहतात; घड्याळं दुरुस्त करायचे, आता घरीच असतात. त्यांच्या तोंडात कापसाचे बोळे होते तरी ते मला काहीतरी सांगत होते. मी नेहमीसारखी उत्तरं देत होते: हो हो, थोडं दुखणारच, आज गरम पिऊ नका. ते मान हलवून हलवून लालबुंद झाले. शेवटी डॉक्टर हात धुवायला गेले तेव्हा त्यांनी बोळे काढून टाकले.

"प्लास्टर कधी निघणार, ते विचारतोय मी."

"दाताला प्लास्टर नसतं, काका."

"तुमच्या सासूबाईंच्या हाताचं. न्हाणीघरात पडल्या ना. मीच नेलं होतं त्यांना." मग ते जरा बिचकत म्हणाले, "एक विचारू? हॉस्पिटलात त्यांनी सांगितलं, मुलगा परदेशात असतो. मी त्याला त्याच सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना पाहिलं होतं. त्यांच्या डोक्याला पण लागलंय का?"

धप्प झालेलं मी ऐकलं होतं. पावलं वाजताहेत म्हणजे ठीक आहे, हे मीच म्हटलं होतं.

डॉक्टरांना सांगून मी तडक निघाले, लेकीला तळमजल्यावरच्या बाईंकडे सोडलं आणि थेट चौथ्या मजल्यावर गेले. बेल दाबली. दार उघडायला बराच वेळ लागला. सासूबाईंचा उजवा हात कोपरापर्यंत पांढरा होता आणि बोटं सुजलेली. ज्यांचा केस कधी इकडचा तिकडे झालेला मी पाहिला नाही, त्यांचे केस पिंजारून खांद्यावर पडले होते. बेसिनमध्ये भांडी होती.

"तू?" त्या म्हणाल्या. "तू आत्ता इथे कशी?"

"आई, हे काय करून घेतलंत?"

"आधी सांग, कोणाला विचारून आलीस? अजून तीन आठवडे पुरे व्हायचेत."

"आम्ही खालीच होतो. एक हाक मारायची होती."

"तुम्ही खाली कुठे होतात?" त्या चिडल्याच. "तुम्ही गेल्यावर मी पडले तर कोणाला हाक मारणार आहे? त्याला फोन केला असता तर तो तिकडे बसून रडला असता, येता थोडंच आलं असतं? मग सांगून उपयोग काय? मला बघायचं होतं, जमतं का. जमलं. काका भाजी आणून देतात, डाव्या हातानं भात होतो. मी झाले पास."

मी कंगवा घेतला आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. त्या एवढ्या चिडलेल्या असूनही निमूट बसल्या. केसांत इतका गुंता झाला होता की मला तो हातानं सोडवावा लागला. त्यांची मान किती बारीक आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"त्यानं सही केली का?" त्यांनी विचारलं.

"केली."

"मग त्याला सांगू नकोस. तुला जायचंय, मला दिसतं. तू गात होतीस परवा."

मी गुंता सोडवत राहिले. मला जायचं होतं, केस विंचरता विंचरतासुद्धा जायचंच होतं. त्यासाठी करायचं काहीच नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. तेवढ्यात फोन वाजला. बुधवार होता.

त्यांनी मला बोटानं चूप केलं, घसा खाकरला, आणि पाठ ताठ करून फोन डाव्या कानाला लावला. "हं, बोल रे. मी मजेत. जेवतेय की, दोन वेळा ताजं करून जेवते. नाही रे बाबा, काही दुखत नाही."

इतके दिवस हे मी खालून ऐकत होते. आज वर, त्यांच्याशेजारी उभं राहून ऐकलं. आवाज अगदी ठणठणीत होता, आणि बोलताना त्या सुजलेला हात मांडीवर धरून तो हळूहळू चोळत होत्या. एक जिना खाली राहून आम्हाला पत्ता लागला नव्हता. तिकडे गेल्यावर त्या अशाच वर्षानुवर्षं मजेत राहणार होत्या.

मी त्यांच्या हातून फोन घेतला. आपण बोललो की ते पत्र जाणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"मी बोलतेय."

"तू? तू तिकडे कशी?" नवऱ्यानं विचारलं.

"मी परत आले," मी म्हटलं. "आईंचा हात मोडलाय, दहा-बारा दिवस झाले. तूही परत ये."

खाली खुर्ची पडल्याचा आवाज झाला, मग दार आपटल्याचा.

"झालं," सासूबाई म्हणाल्या. "इतकं चांगलं चाललं होतं आपलं."

"जाऊ दे, आई," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं. ते त्यांच्या हातासाठी होतं की तिकडच्या घरासाठी, ते मला सांगता येणार नाही. थोडं थोडं दोन्हीसाठी असावं.

"रडू नकोस गं. तो येतोय, त्याला वाटेल मी गेलेच. वेणी पुरी कर आधी."

जिन्यात पावलं धावत वर आली आणि बेल वाजली. पुन्हा वाजली.

"जा, उघड दार," सासूबाई म्हणाल्या. "आणि सांग त्याला, इतक्या लांबून यायचं तर आधी कळवत जा म्हणावं, मी काहीतरी करून ठेवलं असतं." तीन आठवडे ठणठणीत राहिलेला त्यांचा आवाज हे बोलताना फुटला, आणि मी दार उघडायला गेले.