टेम्परन्सच्या दगडाखाली दुसरीच

कपडे वाळवायच्या यंत्रात नेलच्या डगल्याचं बटण टण् करून वाजलं आणि घरातली शांतता मोडली. मी श्वास रोखला. आतल्या खोलीत माझी लेक नेल झोपलेलीच होती. म्हणजे अजून अर्धा तास माझा. मी अहवालाचं शेवटचं पान उघडलं.

प्रॅटांच्या जुन्या तंबाखूच्या शेतात उत्खनन करताना आम्हाला एक सांगाडा सापडला होता, साडेतीनशे वर्षांपूर्वीचा. शनिवारी तो चर्चच्या आवारात पुरायचा होता. प्रॅटांच्या मूळ आजीच्या नावाचा दगडही कोरून तयार होता : ‘टेम्परन्स प्रॅट, सात लेकरांची आई’. अडलं होतं फक्त माझ्या सहीसाठी.

दारावर टकटक झाली. मिस ओडेल प्रॅट, वय ऐंशी, हातात हॅमचा डबा.

“झाली का गं सही, पोरी?”

“हळू, मिस ओडेल, नेल झोपलीय. सही करते. पण टेम्परन्सच्या नावाखाली नाही.”

“का बरं? बाईचाच सांगाडा आहे, तूच म्हणालीस.”

“बाई कसली, सतरा-अठराची मुलगी ती. गळ्याखालच्या हाडाचं टोक जुळायचंच राहिलंय, ते विशीनंतर जुळतं. टेम्परन्स चाळिशी ओलांडून गेली, तुमच्याच घरच्या बायबलातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदीत लिहिलंय.”

“चारशे मैलांवरून नातेवाईक येतायत माझे. त्यांना काय, कोणा परकीचं हाड दाखवू?”

“खरं ते दाखवा. बरीच वर्षं इथे मका खाल्ला असता, तर तो हाडांत उतरला असता. हिच्या हाडांत गहूच गहू. इंग्लंडहून येऊन फार दिवस झालेच नव्हते. आणि या वयात पाठीचे मणके ओझ्यानं दबलेले. तुमच्या शेतातली मोलकरीण असणार.”

“मोलकरणींनाही आमच्याकडे नीट पुरत असत!”

“हिला शिंपल्यांच्या कचऱ्यात कोंबलं होतं. पाय दुमडून.”

मिस ओडेल खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, “शेत माझं आहे, विसरू नकोस. पुढच्या उन्हाळ्यात तुमचं एक फावडं आत येणार नाही.”

सहा उन्हाळे त्या मातीत घातले होते, नेल पोटात असतानाचा एक धरून. मी पेन उचललं आणि लिहिलं, ‘अनोळखी मुलगी, वय सतरा-अठरा.’ खाली सही केली.

“मग कोरलेल्या दगडाचं काय, त्याजागी कोरा ठेवू?”

“कोरा चालेल. दुसऱ्या बाईचं नाव नको. तिला तिचं नाव होतं, मिस ओडेल. आपल्याला ठाऊक नाही, एवढंच.”

“हट्टी आहेस.” त्या उठल्या. “हॅम खा. डबा मात्र परत हवा.”

दार लागलं. वळून पाहते तर गोधडी ओढत नेल उभी. सगळं ऐकलेलं. मी तिला मांडीवर घेतलं.

“आई, ती मुलगी एकटीच आली होती?”

“बहुतेक. जहाजातून.”

नेलनं थोडा विचार केला.

“मग ती मेली, हे तिच्या आईला कोणी सांगितलं?”