नळीच्या आधी लाकूड

ओर्फा राउखच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मे महिन्यापासून एक लाकूड पडून होतं, आणि ती त्याच्या कडेला ताट ठेवून जेवत होती. लाकूड म्हणजे ठासणीच्या बंदुकीचा दस्ता. पुरुषभर उंचीला थोडाच कमी, लाटालाटांच्या रेषांचं मेपल. खांद्याला टेकायचा भाग घडवून झालेला, पुढे नळी बसायची लांब पन्हळ कोरून झालेली. नळी मात्र नव्हती. ती बसवायच्या आधीच एलवुड, तिचा नवरा, गेला.

जाताना तो शुद्धीवर होता. "लिअ‍ॅनाची बंदूक पुरी करून घे," म्हणाला. "आणि ओर्फा, नळी नीट निवड."

"कुणाची निवडू?" तिने विचारलं.

त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायला तो नव्हता.

लिअ‍ॅना त्यांची एकुलती एक लेक, यंदा चाळिशी गाठलेली. पेनसिल्व्हेनियात नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून जंगल फक्त अशा, चकमकीच्या ठिणगीने उडणाऱ्या जुन्या तऱ्हेच्या बंदुकांना मोकळं असतं, आणि बापलेक चोवीस वर्षं त्या दिवशी हरणामागे जात होते. यंदा ती एकटी जाणार होती, आणि या बंदुकीनिशी जाणार होती. बापाच्या घरातून तिने एवढं एकच मागितलं होतं.

ओर्फाला मात्र कशाचंच काही वाटत नव्हतं. हे ती कुणाला सांगत नसे, कारण लोकांना ते आवडत नाही. दफनाच्या दिवशी शेजारणींनी रीतीप्रमाणे मनुकांचं सारण भरून भाजलेले गोड 'पाय' आणून दिले, एकूण नऊ. ती रोज एक फोड खात गेली आणि एकाचीही चव तिला लागली नाही. रडलीही नाही. चर्चमधल्या बाया म्हणाल्या, ओर्फा काय खंबीर आहे! न रडणाऱ्या बाईला खंबीर म्हटलं की पुढची चौकशी वाचते.

ऑक्टोबरात क्लेटन डायशर आला. हा एलवुडचा जुना चेला, आता स्वतः बंदुका बांधणारा. नळी मिळाली की चाप, पितळेचं काम, सगळं पुरं करून द्यायचं त्याने कबूल केलं होतं.

"ओर्फा, दिवस सरले. नळीचं काय?"

"तू सांग."

"ओहायोतला तो म्हातारा आहे, एलवुड त्याच्याकडूनच मागवायचा. पण त्याच्याकडे दीड वर्षाची रांग. तोवर आपल्यातलं कोण असेल, कोण नसेल..." क्लेटनने जीभ चावली. "ड्वेन फेगली आहे. संगणकाच्या मशिनवर कातून देतो. तीन आठवड्यांत नळी हातात. सरळ, गुळगुळीत, नाव ठेवायला जागा नाही."

"आणखी कोण?"

क्लेटनने कपात डोकावून पाहिलं. "आणखी कोण असणार?"

आणखी कोण, ते दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. एलवुडचा धाकटा भाऊ हार्लन, टेकडीपलीकडे सहा मैलांवर. त्यांचा बाप नळ्या करायचा. धाकट्याने लोखंड उचललं, थोरल्याने लाकूड, आणि तीस वर्षं एकाच्या नळीला दुसऱ्याचा दस्ता लागत आला. मग बाप गेला. तेरा वर्षांपूर्वी, चर्चच्या तळघरात त्याच्या दफनानंतरचं जेवण चाललं होतं, तेव्हा हार्लन चारचौघांत म्हणाला, "लोक नळी विकत घेतात. एलवुड तिला फर्निचर लावतो." एलवुड म्हणाला, "तू पाइप करतोस पाइप. त्याची बंदूक मी करतो." संपलं. भाऊबंदकीला शेताचा बांध लागतोच असं नाही. त्या दिवसापासून एलवुडच्या नळ्या ओहायोहून पोस्टाने यायला लागल्या आणि हार्लनचं नाव घरातून गेलं.

"फेगलीकडे जाऊ," ओर्फा म्हणाली. तिला काय, कुठेही चाललं असतं.

शनिवारी तिने दस्ता गोधडीत गुंडाळला आणि मोटारीत शेजारच्या सीटवर तिरका उभा करून बसवला. गाडी सुरू केली तर ती टिंगटिंग करायला लागली. सीटवर वजन पडलं होतं, गाडीला वाटलं माणूस बसलंय, त्याचा पट्टा लावा. एलवुड असता तर त्याने गाडीची आयमाय काढली असती. तशा त्याच्या गाडी चालवण्याच्या गमती पुष्कळ. रस्ता विचारणं त्याच्या रक्तातच नव्हतं. लँकेस्टरच्या एका लग्नाला ती दोघं केक कापून झाल्यावर पोचली होती, वाटेत तीन पेट्रोल पंप लागले होते आणि तिन्ही ठिकाणी तो मान ताठ ठेवून पुढे गेला होता. ओर्फाने गोधडीला पट्टा लावला. गाडी गप्प झाली.

फेगलीच्या कारखान्यात क्लेटन आधीच येऊन थांबला होता. फेगली तरुण, बोलका, चांगला माणूस. "या, मिसेस राउख, या! एलवुडसाहेबांच्या लाकडात आमचं लोखंड, म्हणजे आमची चांदीच." त्याने आठ पैलूंची एक नळी उचलली आणि पन्हळीत अलगद ठेवली. नळी बसली नाही. मागे बसली, पुढे डुगडुगली.

या नळ्या सरसकट एका जाडीच्या नसतात. मागे जाड, पुढे कमरेत बारीक होत जाणार, आणि तोंडाशी पुन्हा किंचित फुलणार. कंबर कुठे ठेवायची हे ज्याच्या त्याच्या हाताचं. फेगलीच्या नळीची कंबर आणि एलवुडच्या लाकडाची कंबर यांच्यात दोन इंचांचं अंतर पडत होतं.

"दुसऱ्या कुणाच्या नळीवर कोरलंय हे," फेगली म्हणाला.

क्लेटनने चष्मा चढवला आणि पन्हळीत नाक घातलं. बराच वेळ वर केलं नाही. "काजळी कुठाय?" तो म्हणाला.

"कसली काजळी?" ओर्फाने विचारलं.

"नळीला काजळी फासायची, लाकडात ठेवायची, उचलायची. जिथे काळं लागलं तिथे तासायचं. पुन्हा फासायची, पुन्हा ठेवायची. शेकडो वेळा. ती काजळी लाकडाच्या शिरांत शिरते, जन्मात जात नाही. आणि हे बघ, धुतलेल्या ताटासारखं स्वच्छ! ओर्फा, त्याने नळीशिवाय कोरलंय. मापाला नळीच नव्हती त्याच्याकडे."

"शेवटी शेवटी आजारात माणसाचं डोकं..." फेगली म्हणाला.

"डोकं ठिकाणावर होतं," क्लेटन खेकसला. "नळी हातात आल्याशिवाय लाकडाला छिन्नी लावायची नाही, हे मला त्यानेच शिकवलं, आणि एकदा लावली तर पंधरा दिवस बोलला नव्हता माझ्याशी." त्याने टेप काढली आणि कमरेपासून तोंडापर्यंत धरली. "अकरा इंच." मग टेप गुंडाळून खिशात ठेवली, आणि ओर्फाकडे न बघता म्हणाला, "म्हाताऱ्या राउखची, एलवुडच्या बापाची कंबर. अशी कंबर आता एकच माणूस ठेवतो."

कुणी नाव घेतलं नाही. फेगलीने मधला मार्ग सुचवला. पन्हळीत लाकडाच्या पट्ट्या आणि राळ भरायची, आपल्या नळीला बेतून पुन्हा कोरायची, एका दिवसाचं काम. "एकदा नळी बसली की आत काय आहे ते कुणाच्या बापाला दिसतंय?"

संध्याकाळी लिअ‍ॅनाचा फोन आला. "आई, फेगलीला हो म्हण. हार्लनकाकाचं नावसुद्धा डॅडींना चालत नव्हतं."

"नावाचं मला माहीत आहे."

"मग अडलं कुठे?"

"लाकूड वेगळं सांगतंय," ओर्फा म्हणाली. "तुझी बंदूक आहे. तू नको म्हणालीस तर नाही जाणार."

"नाताळच्या दुसऱ्या दिवशी माझ्या हातात पाहिजे," लिअ‍ॅना म्हणाली. "बाकी तुला काय ते कळतं."

ओर्फाला काही कळत नव्हतं. पण तेरा वर्षं तोंड न बघितलेल्या दिराच्या दारात उभं राहायचं, तर माणसाला लाज वाटते, भीती वाटते, आणि तिला तर काहीच वाटत नव्हतं. ती सोमवारी सकाळी निघाली. गोधडीला पट्टा लावायला विसरली नाही.

हार्लन झऱ्यावरच्या दगडी खोलीत काम करायचा. तो वाळला होता आणि उभा राहिला की थेट एलवुडसारखा दिसायचा, डाव्या खांद्यात वाकलेला. ते पाहूनही तिला काही झालं नाही.

"मी आलो नाही मातीला," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"कॉफी घेणार?"

"नको. हे बघ." तिने गोधडी सोडली.

तो लाकडाजवळ आला, पण आधी हात पुसले. पन्हळीतून अंगठा फिरवला, अंगठ्याकडे पाहिलं. "काजळी नाही," म्हणाला.

"नाही."

"कुणाच्या नळीवर कोरलं?"

"ते तू सांगायचंस. मला तो 'नळी नीट निवड' एवढंच म्हणाला."

हार्लनने भिंतीवरून एक तयार नळी काढली, तिला काजळी फासली आणि लाकडात ठेवली. ओर्फा बघत होती. नळी मागे बसली, पुढे डुगडुगली. फेगलीच्या नळीसारखीच.

"नाही बसत," ती म्हणाली. आता ओहायो राहिलं, नाहीतर राळ.

"नाही बसणार." हार्लन स्टुलावर बसला. "ती बापाची कंबर आहे. मी बदलली ती. तेरा वर्षं झाली. म्हटलं, माझ्या नळीवर आता त्याचं लाकूड बसायलाच नको." तो थोडा थांबला. "त्याला कुठून कळणार? तो जुनीच धरून बसला." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसे हे दोघे. एकाने नळीची कंबर बदलली, दुसऱ्याने ती लाकडात जुन्याच जागी ठेवली, आणि जगात आता या लाकडाला बसेल अशी एकही मोकळी नळी नव्हती.

हार्लनने नळी उचलून बाजूला ठेवली. दिवा ओढून तो पन्हळीच्या तोंडाशी लावला, आणि उजेड तिरका पडला तेव्हा आतल्या भिंतीवर पेन्सिलीची खूण उमटली. क्लेटनला ती दिसली नव्हती, फेगलीला दिसली नव्हती. कमरेच्या जागी एक आडवी रेघ, आणि शेजारी एलवुडच्या बारीक अक्षरात लिहिलेलं: '११?'

दोघांनी ते वाचलं.

"अकराच," हार्लन म्हणाला. ओर्फाशी नाही, लाकडाशी. "अकराच होती. बरोबर आठवलं तुला."

"त्याने विचारलं असतं तर सांगितलं असतंस?" ओर्फा म्हणाली.

"विचारलं असतं तर, का नाही?"

"आजारी आहे हे तुला कळलं होतं. तू का नाही आलास?"

"त्याने बोलावलं नाही."

"तुझ्या दारापासूनही सहाच मैल आहेत, हार्लन."

हार्लनने रुंदी मोजायचं कॅलिपर घेतलं, पन्हळीच्या मागच्या टोकाला लावलं, आकडा एका कागदावर लिहिला. मग एक इंच पुढे. मग आणखी एक. ओर्फा उभीच होती. दहा-बारा आकडे झाल्यावर तो मान वर न करता म्हणाला, "चाळीस वर्षं मी लोकांना सांगतोय, आधी नळी, मग लाकूड. लाकडावरून नळी घडवायची म्हणजे बुटावरून पाय घडवण्यातली गत. गाढव कुठला!"

"जमणार नसेल तर सांग."

"जमणार नाही असं कोण म्हणालं? केव्हा पाहिजे?"

"नाताळच्या आधी. तुझ्याकडे रांग असेल."

"दोन वर्षांची आहे. राहील उभी." त्याने पुढचा आकडा लिहिला. "माझा शिक्का खालच्या पैलूवर मारीन, लाकडाच्या आत जाईल. वर त्याचं नाव घालायला क्लेटनला सांग. लाकूड ठेवून जा."

तिने लाकूड ठेवलं. गोधडी घडी घालून काखेत मारली आणि गाडीत येऊन बसली. सवयीने शेजारचा पट्टा ओढला, मग सोडून दिला. गाडी सुरू झाली आणि एका शब्दाने टिंगटिंगली नाही. तिथे कुणी नव्हतं.

टेकडीचा चढ लागला तेव्हा तिने मैलांचा आकडा पाहिला, आणि उगाच पाहत राहिली. एक. दोन. वाटेत काही नव्हतं, दोन धान्याची कोठारं आणि एक पेट्रोल पंप. कापलेल्या मक्याची रानं. शेवटच्या महिन्यात ती त्याला उचलून खुर्चीत बसवायची, कामाच्या खोलीत ढकलत न्यायची, आणि तो तिच्यासमोर बसून ही पन्हळ कोरायचा. तिने किती वेळा विचारलं होतं, एलवुड, कुठे जायचंय का, गाडी काढू का? नको म्हणायचा. पेन्सिल कानावर, मान ताठ.

तीन मैलांवर तिने गाडी कडेला घेतली. छातीत काहीतरी तापलं होतं आणि आधी तिला ते काय आहे हे कळेना, इतके दिवस झाले होते. राग आला होता. लख्ख राग.

"मी होते ना!" ती शेजारच्या सीटवर ओरडली. "मी नेलं असतं तुला! प्रश्नचिन्ह काढतोस लाकडात? विचारायचं होतंस, एलवुड! आयुष्यात एकदा तरी विचारायचं होतंस!"

मागून येणारा एक ट्रॅक्टर शेजारी थांबला. वरच्या माणसाने खाली वाकून विचारलं, बाई, रस्ता चुकलात का?

"नाही," ओर्फा म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.