अदृश्य चार

मित्रांनो, मी एक जुना क्लॅप आहे. चित्रीकरण सुरू होताना कॅमेऱ्यासमोर काळी पाटी धरतात आणि तिच्यावरची पट्टी खाडकन आपटतात ना, तोच मी. चित्र एका यंत्रात टिपलं जातं, आवाज दुसऱ्या यंत्रात, आणि माझ्या टाळीवर दोघांची गाठ पडते. एवढं मानाचं काम, पण टाळी वाजली की मला स्टुलावर पालथं ठेवायचे. त्यामुळे पुढे काय घडतं ते मला कधी दिसलंच नाही. लोक हसले, तर कशाला हसले असतील याचा विचार करत मी पडून राहायचो.

मला एका सुताराने घडवलं आणि एका रंगाऱ्याने पांढऱ्या अक्षरांत माझ्यावर ‘चित्र’, ‘दृश्य’, ‘टेक’, ‘दिग्दर्शन’ असं लिहिलं. ‘लेखन’ लिहायचं राहून गेलं. त्याला तरी कसा दोष द्यायचा? चित्रपट कोणीतरी लिहावा लागतो, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी ज्या स्टुडिओत आलो तो दोन खोल्यांचा होता आणि भावाबहिणीचा होता. भावाला सगळे दादा म्हणत, बहिणीला ताई. गळका नळ कसा दुरुस्त करावा, आग लागल्यास काय करावं, असे छोटे माहितीपट ते काढत. दादा दिग्दर्शन करायचा, ताई लिहायची. तिचं अक्षर वळणदार, म्हणून माझ्यावर खडूने लिहायचं, ते मोठ्याने वाचायचं आणि टाळी द्यायची हेही तिच्याच गळ्यात पडलं होतं.

पण ताईला सरळ लिहिताच यायचं नाही. तिच्या माहितीपटात नळ गळायचा नाही, त्याला सर्दी व्हायची. दादा लाल पेन घेऊन बसायचा आणि सर्दी बरी करून टाकायचा.

“छोटे, लोकांना माहिती हवीय. आपण काय सर्कस काढलीय का?”

“दादा, हसलेला माणूस विसरत नाही रे.”

“आणि तुला थट्टेखोर म्हणतील, त्याचं काय?”

“म्हणू देत की. निदान मी लिहिलंय हे तरी कळेल.”

दादा ऐकायचा नाही. अशा दिवशी खडू माझ्यावर जरा जोरातच टेकायचा. खोडून जे उरायचं ते कोणीही लिहिलं असतं, आणि हेच तिच्या मनाला लागायचं.

मग ‘लिफ्टमध्ये अडकल्यास’ हा माहितीपट आला. पुठ्ठ्याची लिफ्ट उभी केली आणि तिच्यात स्टुडिओच्या वायरमनला उभं केलं. एरवी दिवसभर बडबडणारा हा माणूस कॅमेऱ्यासमोर पार लाकूड झाला. “घाबरू नका, घंटा दाबा,” हे तो इतका घाबरून म्हणायचा की दादाने डोक्याला हात लावला. ताईचे विनोद त्या दिवशी झाडून सगळे खोडले गेले होते. तिने खडू उचलला, माझ्यावरच्या ‘दृश्य’ या शब्दाआधी एक बारीकसा ‘अ’ काढला आणि गंभीर चेहऱ्याने वाचलं, “चित्र, लिफ्ट. अदृश्य चार.”

टाळी वाजली. मी पालथा झालो. आणि वायरमनला फिसकन हसू फुटलं.

“ताई, मी दिसतच नसेन तर मला सोडवायला कोण येणार?”

“म्हणून तर घंटा दाबायची,” ताई कॅमेऱ्यामागून म्हणाली.

“असं होय,” म्हणत त्याने हसत हसत घंटा दाबली.

मी दादाच्या ‘कट’ची वाट पाहत होतो. तो आलाच नाही. फुग्यातून हवा सुटावी तसा एक आवाज मात्र आला. दादा हसू दाबत होता.

तरी संध्याकाळी तो म्हणालाच, “हे ठेवता येणार नाही.”

“मग लिहायला दुसरं कोणी बघ,” ताई शांतपणे म्हणाली. “तू जे ठेवतोस ते माझं नसतंच.”

दादा बराच वेळ लाल पेनाचं टोपण उघडत-मिटत राहिला. शेवटी ते दृश्य त्याने ठेवलं.

एका उंच इमारतीतल्या रहिवाशांना माहितीपट दाखवला, तेव्हा मी ताईच्या पिशवीत होतो. हशा पिकला. निघताना एक आजी म्हणाल्या, “आपण दिसेनासे झालो की घंटा दाबायची, बरोबर ना? हे लिहिलं कोणी?”

“माझ्या बहिणीने,” दादा म्हणाला. हे मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं आणि मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो माझ्यावर ‘लेखन’ लिहायला रंग घेऊन आला. ताई म्हणाली, “जागा कुठेय? तो ‘अ’ तेवढा पक्का कर.” जीभ दातांत धरून दादाने तो रंगवला. पुढे कितीतरी वर्षं तोच ताईची सही होता.

मग आवाज आपोआप जुळवणारी यंत्रं आली. माझी बिजागरी गंजली, पट्टी तुटून पडली. टाळी एका हाताने वाजत नाही म्हणतात, ते दिव्यांच्या स्टँडमागे धूळ खाताना मला चांगलंच पटलं.

एक दिवस केस पिकलेल्या ताईने मला बाहेर काढलं. ती स्वतःचा विनोदी चित्रपट करत होती, आणि त्यात काम करायला दादा उभा होता.

“अगं, मोडलाय तो. नवा घे.”

“टाळी मी हातांनी देते. हा नुसता बघायला बसेल,” ती म्हणाली आणि तिने मला दादासमोरच्या टेबलावर उभं केलं.

टाळी वाजली. आयुष्यात पहिल्यांदाच मला पुढचं दिसलं. दादाने तोंड उघडलं आणि तो सगळं विसरला.

“छोटे, माझं वाक्य काय होतं गं?”

“खोडलं मी ते,” ताई म्हणाली. तिच्या हातात लाल पेन होतं.

सगळे हसले, सर्वांत जास्त दादा. या वेळी कशाला हसले ते मला पक्कं माहीत होतं.

मित्रांनो, मोडक्या वस्तू जपा असं मी सांगणार नाही, ते तुम्हाला सगळेच सांगतात. दुसऱ्याचं लिहिलेलं खोडण्याआधी ते एकदा मोठ्याने वाचून बघा, एवढंच माझं मागणं आहे.