आयताय

"आयताय... आयताय..."

गुरम्माच्या तोंडून तेवढंच येत होतं. लकवा मारला तेव्हा उजवं अंग गेलं, वाचाही गेली, आणि साऱ्या भाषेतला एवढा एकच शब्द मागं उरला. मन्मथअप्पा बायकोला चमच्यानं पेज भरवत होते. निम्मी आत जात होती, निम्मी हनुवटीवरून ओघळत होती.

शेजारी बसलेल्या थोरल्या भावजयीनं, उमाबाईंनी, पदर डोळ्यांना लावला. "भावजी, समजून घ्या आता. आय म्हनून राहिली, ताय म्हनून राहिली. माय न् थोरली भैन न्यायला आल्यात तिला. दोघी कवाच्या गेलेल्या! शेवटाला मेलेली मान्सं दिसतेत."

"पन वैनी," अप्पा म्हणाले, "ही तर आईला अव्वा म्हनायची. भालकीची कानडी पोरगी ही. भैनीला अक्का म्हनायची. आय-ताय कुठून आनली?"

"शेवटाला कोन कुनाला काय म्हनल, सांगता येतंय का?"

अप्पांनी पेजेचा पुढचा चमचा भरला. वैनीपुढं बोलायची त्यांची उभ्या जन्मात टाप नव्हती. त्याच दुपारी उमाबाईंनी मठात सांगावा धाडला, स्वामी येऊन गुरम्माच्या कपाळाला विभूती लावून गेले, आणि उदगीरच्या त्या गल्लीत ज्याच्या त्याच्या तोंडी झालं की गुरम्माचं आता काही खरं नाही.

रुद्राणीला मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं. एकुलती एक लेक. नांदेडला नर्सिंग केलं, तिथंच जपानी भाषेच्या क्लासला गेली, आणि आता जपानमधल्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना भरवायचं, पुसायचं काम करत होती. जाऊन सहा महिनेही झाले नव्हते. पोरीला कळवायचं नाही, हे अप्पांनीच ठरवलं होतं. कळवून ती बिचारी करणार काय? परमुलखात रडत बसणार. म्हणून तिचा फोन आला की ते छातीठोक सांगायचे, "सगळं ठीक हाय." मम्मीला द्या म्हणाली की मम्मी कधी मठात गेलेली असायची, कधी झोपलेली, कधी तिचा घसा बसलेला. खोटं बोलायलाही डोकं लागतं, आणि भांडी विकणाऱ्या सरळ माणसाजवळ ते असून असून किती असणार!

जायच्या आधी हीच पोरगी घरात गिटार घेऊन जपानी गाणी म्हणत बसायची. सगळी नवी गाणी, संथ, आता रडेल की मग रडेल अशी. गाण्यानं जीभ वळते, असं क्लासच्या मॅडमनी सांगितलं होतं. त्यातलं एक फलाटावर मागं राहिलेल्या मुलीचं होतं. ते तर रोजचंच. अप्पा दुकान बंद करून घरी यायचे तेव्हा त्यांच्या कानावर शेवटचं कडवं पडायचं.

"झालं का चिनी भजन?" चपला काढता काढता ते विचारायचे.

"जपानी!" आतून दोघी मायलेकी एकदम ओरडायच्या आणि खिदळायच्या.

त्या दिवशी फोन वाजला तेव्हा अप्पांचे हात पेजेनं भरले होते. बंद करायला गेले आणि अंगठा भलत्याच जागी टेकला. पडद्यावर रुद्राणी आली. अप्पा तोंड उघडणार, तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, "आयताय."

"अप्पा, कोन बोललं? मम्मीला काय झालंय?"

"ठीक हाय, सगळं ठीक..."

"अप्पा!"

मग अप्पांचा धीर सुटला. लकवा, लातूरचा दवाखाना, घरी न्या म्हणून सांगणारे डॉक्टर, सगळं त्यांनी भडाभडा सांगून टाकलं. "आन् आता ती आय-ताय करून राहिली, माय. वैनी म्हनते, मेलेल्या दोघी न्यायला आल्यात."

रुद्राणीनं तोंडावर हात दाबला. "न्हाई ओ अप्पा. जपानी हाय ते. माझ्या गाण्यातलं. त्या शब्दापाशी आले की मी थांबायचे आन् मम्मी शेंगा सोलता सोलता तेवढाच म्हनायची. भजनात झील धरतेत ना, तसं. मला अर्थ विचारून घेतला होता तिनं."

"काय हाय अर्थ?"

"भेटावं वाटतंय," पोरगी म्हणाली.

अरारा! बाई इतके दिवस पोरीला बोलवत होती, आणि आपण तिच्या उशाशी तिच्या मरणाची वाट बघत बसलो! अप्पांना स्वतःचीच अशी शरम वाटली की गुरम्माकडं वळून बघवेना. त्यांनी फोन तिच्या कानाशी धरला. पलीकडं पोरगी नुसती रडत होती आणि गुरम्मा डाव्या हातानं फोन चाचपत होती.

रुद्राणी रजेसाठी वरच्यांच्या हातापाया पडली. रजा मिळाली, तिकीटही मिळालं. "येऊन राहिली गं रुद्राणी, निघाली," अप्पा गुरम्माच्या कानात पुन्हा पुन्हा सांगत राहिले. पण पोरगी आभाळात असतानाच पहाटे गुरम्मा गेली. लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवून ज्या सजवलेल्या पालखीतून नेतात, तिला विमानच म्हणतात. एका विमानात लेक, दुसऱ्या विमानात आई. अप्पा थांबू या म्हणत होते. उन्हं कलेपर्यंत मंडळी थांबलीही. हैदराबादेहून रुद्राणी घरी पोचली तेव्हा अंगणात फक्त फुलं पडलेली होती.

दिवसकार्य उरकून ती परत गेली. जाऊ नको म्हणावं, असं अप्पांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण ठेवून घेऊन तरी काय? बापाबरोबर पराती विकत बसायचं तिनं?

आता तिचा फोन दुकानात येतो.

"अप्पा, कसं हाय?"

"सगळं ठीक हाय, माय."

ते ठीक तिला आता ओळखू येतं. एके दिवशी ते ऐकताच तिनं मागची गिटार ओढून मांडीवर घेतली आणि ते फलाटाचं गाणं धरलं. अप्पांनी फोन तांब्याला टेकवून उभा केला. समोर गिऱ्हाईक परात उलटीपालटी करून बघत होतं. गात गात पोरगी त्या जागेपाशी आली आणि सवयीनं थांबली. आपण काय केलं हे ध्यानात आलं तेव्हा तिला पुढंही जाता येईना. बोटं तारांवर तशीच राहिली.

अप्पांनी घसा खाकरला.

"आयताय," ते म्हणाले. सूर साफ चुकला होता.

गिऱ्हाइकानं परात आवाज न करता खाली ठेवली.